आरे-वाऱ्याच्या अभ्यासिकेतला संगणक

सदर : रोजकीर्द



या सदरात आपण एरवी पतपेढीचे कर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डावरील नाव अशा रोजच्या कामाच्या गोष्टी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. सुटे भाग आणून नवा संगणक जोडला, पण त्यावर कार्यप्रणालीच चढेना, तर काय करावे? हा प्रश्न आता फक्त शहरातल्या इंजिनीअरांचा राहिलेला नाही. आपल्या वाड्यावस्त्यांतील मुले भाग जोडून संगणक तयार करतात, आणि तो अडला की घरातली माणसे घाबरतात, कारण पैसे कष्टाचे असतात. आमच्या गावी जे घडले ते जसेच्या तसे सांगतो. त्यात एक चूक यंत्राची होती आणि एक माझी.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या काठाकाठाने जाणारा रस्ता पुष्कळांनी पाहिला असेल. त्या रस्त्यावर आरे आणि वारे ही जोडगावे लागतात. पर्यटक वर घाटीत गाडी थांबवून दोन्ही किनाऱ्यांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. आमची वाडी त्याच भागातली. वाडीतल्या मुलांना अर्ज भरायचा म्हटला की एसटीने रत्नागिरी गाठायची, नेटकॅफेत रांग लावायची, आणि एखादा कागद घरी राहिला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वारी. मोबाइल घरोघरी आहे, पण मोबाइलवर सराव परीक्षा देणे, लांबलचक अर्ज भरणे, कागदपत्रे ठराविक मापात बसवणे फार जिकिरीचे होते. म्हणून मंडळाच्या मुंबई शाखेच्या बैठकीत ठरले, की समाजमंदिरातील अभ्यासिकेसाठी एक संगणक घ्यायचा. मुंबईकरांनी वर्गणी काढली, गावातल्या महिला बचत गटाने आपला वाटा दिला. एकूण जमा एकतीस हजार चारशे रुपये. हिशेब माझ्याकडे होता, कारण मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून.

तयार संगणक त्या पैशात बसत होता, पण हलका. माझा एक पुतण्या आहे, चुलत नात्यातला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून गावी आलेला. तो म्हणाला, "काका, सुटे भाग घ्या, मी जोडतो. त्याच पैशात चांगला होईल." त्याने यादी करून दिली. मदरबोर्ड, प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, स्क्रीन, कळफलक आणि माउस. यादीत एक बारीक सूचनाही होती. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ अक्षर असेल तर तो घेऊ नका, त्याच्या आत चित्र दाखवण्याची सोय नसते, मग वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावे लागते. मी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, दोन शनिवार हिंडून माल घेतला. प्रत्येक वस्तूची पावती घेतली. दिवाळीच्या सुट्टीत कोकणकन्येने खोके मांडीवर घेऊन गावी पोचलो.

पहिला दिवस

संध्याकाळी समाजमंदिरात सगळी वाडी जमली. चटईवर धुवट चादर अंथरून पुतण्याने काम सुरू केले. आधी हात लोखंडी खिडकीला लावला. अंगातली स्थिर वीज नाजूक भागांत उतरू नये म्हणून असे करतात. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी खुंट्या बसवल्या. प्रोसेसरवर पंखा लावला, वायरी खोचल्या, आणि बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच.

बायकांत चुळबुळ झाली. पुतण्या मात्र गडबडला नाही. आजकालच्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात, एक प्रोसेसरचा, एक रॅमचा, एक चित्राचा आणि एक डिस्कचा. ज्या टप्प्यावर गाडी अडते तो दिवा पेटून राहतो. आमच्या बोर्डावर रॅमचा दिवा पेटला होता. त्याने वीज बंद केली, वायर काढली आणि दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. या वेळी दोन्ही टोकांना ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत दाबल्या. स्क्रीनवर अक्षरे आली. टाळ्या पडल्या.

आता कार्यप्रणाली चढवायची होती. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. संगणकाचे भाग म्हणजे कचेरीतली टेबले, कपाटे, फायली. कार्यप्रणाली म्हणजे कचेरीचा कारभार, कोणता कागद कुठे जाईल, कोणाला कधी कपाट उघडून मिळेल, हे ठरवणारी व्यवस्था. विंडोज ही अशीच एक प्रणाली. लिनक्स ही दुसरी. ती १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली आणि जगभरच्या माणसांनी मिळून वाढवली. ती फुकट मिळते, वाटता येते आणि हवी तशी बदलताही येते.

आम्ही विंडोज का घेतले नाही, असे पुष्कळांनी विचारले. अस्सल परवान्याचे पैसे वर्गणीत उरले नव्हते. मुंबईत एकाने सुचवले, "नकली टाकून देतो, सगळे तसेच करतात." पण समाजाच्या पैशाच्या वस्तूवर चोरीचा माल चढवायचा, आणि हिशेबाच्या वहीत काय लिहायचे? जाणूनबुजून संगणक प्रोग्रामची नकली प्रत वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. शिवाय अशा प्रतींतून कोणता विषाणू आत येतो ते कळत नाही, आणि त्याच संगणकावर मुले आधार क्रमांक नि बँकेचा खाते क्रमांक भरणार. म्हणून उबुंटू नावाची लिनक्स प्रणाली घ्यायचे ठरले. केरळात सरकारी शाळांमधून मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवतात. तिकडची मुले शिकतात, मग आपली का नाही शिकणार?

पेनड्राइव्ह मी मुंबईहून भरून आणला होता, आणि तिथेच पहिली फजिती झाली. उबुंटूची सुमारे सहा जीबीची एकच मोठी फाइल असते. मी ती लग्नाचे फोटो करतो तशी कॉपी केली होती. संगणक म्हणे, सुरू करण्याजोगे काही सापडत नाही. पुतण्या हसला. "काका, ही फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं आहे. ती पेनड्राइव्हवर सोडून मांडावी लागते." त्यासाठी रुफस नावाचा लहानसा मोफत प्रोग्राम असतो. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून त्याने पेनड्राइव्ह नीट तयार केला. या वेळी संगणक त्यावरून सुरू झाला. भाषा निवडली, डिस्क निवडली, आणि फायली उतरू लागल्या.

थोड्या वेळाने सगळे थांबले. ‘काहीतरी बिघडले’ अशा अर्थाचा संदेश आला. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा स्क्रीन गोठली, बाण जागचा हलेना. रात्रीचे साडेनऊ झाले. माणसे कुजबुजू लागली. कोणी म्हणाले, मुंबईवाल्यांनी जुना माल गळ्यात मारून घेतला. कोणी म्हणाले, तयार घेतला असता तर ही पाळी आली नसती. मी दुकानदाराला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "नवशिक्याने जोडला ना? मग त्यानेच काहीतरी उडवले असेल."

आणि मी, लोकांच्या पैशाचा जबाबदार माणूस, चारचौघांत त्या पोराला म्हणालो, "तुझ्या हातून जळलं काहीतरी. येत नव्हतं तर आधी सांगायचं होतंस."

तो काही बोलला नाही. स्क्रूड्रायव्हर चादरीवर ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्याची आई, माझी वहिनी, बचत गटाच्या बायकांत बसली होती. तिने मान खाली घातली. एकतीस हजारांपेक्षा ते दृश्य मला त्या रात्री जास्त टोचले. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा?

वहीतल्या चार ओळी

पुतण्याची धाकटी बहीण अकरावीत आहे. सगळे गेल्यावर ती थांबली आणि एक वही माझ्यापुढे धरली. प्रत्येक वेळी काम किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता थांबले, ते तिने लिहून ठेवले होते. पहिल्यांदा अकराव्या मिनिटाला, दुसऱ्यांदा चौथ्या, तिसऱ्यांदा सातव्या. चौथ्यांदा तर उतरवणे सुरू होण्याआधीच. ती म्हणाली, "काका, फाइल खराब असती तर दर वेळी एकाच जागी अडली असती ना?"

मी वीस वर्षे जमाखर्च जुळवतो आहे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की नवखा कारकून सगळी वही पहिल्यापासून पाहू लागतो. अनुभवी कारकून आधी फरक किती आहे ते बघतो. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५४ च्या जागी ४५ लिहिले की फरक नऊचा पडतो. फरक सम असला तर त्याच्या निम्म्याची रक्कम शोधायची, कारण एखादी रक्कम नावेऐवजी जमेला गेलेली असू शकते. म्हणजे चूक आपली खूण मागे ठेवते. हे सगळे मी कचेरीत रोज करतो, आणि समाजमंदिरात मात्र खूण न बघताच एका पोरावर चुकीचा शिक्का मारला.

सकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनीने चहा दिला, पण पुतण्या मागच्या पडवीत होता, आत येईना. ओटीवर आमची म्हातारी आत्या बसली होती. तिला रात्रीची सगळी हकिकत कळली होती. ती म्हणाली, "हिशेब चुकला म्हनून कोन वही फाडतो काय रे? तू तर शिकलेला."

मी पडवीत गेलो आणि म्हणालो, "बाबू, काल माझं चुकलं. यंत्र चालो न चालो, तुला तसं बोलायला नको होतं. आता आपण चूक शोधू. सापडेल ती सापडेल, तुझी, माझी नाहीतर दुकानदाराची." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काका. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही."

एकेक संशयित

तो दिवस आम्ही तिघांनी ज्या क्रमाने घालवला तो क्रम लिहून देतो. आपल्यापैकी कोणावर ही पाळी आली तर उपयोगी पडेल.

पहिला संशय उतरवलेल्या फाइलवर. सहा जीबीची फाइल मोबाइलच्या इंटरनेटवरून घेताना अर्धीमुर्धी येऊ शकते. ती बरोबर आली की नाही हे कळण्यासाठी तयार करणारे लोक एक चौसष्ट अक्षरांची ताळेबेरीज सोबत देतात. आपल्याकडच्या फाइलची तशीच बेरीज काढायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. फाइलमधले एक अक्षर जरी इकडचे तिकडे झाले तरी सगळी बेरीज बदलते. मुलीने चौसष्ट अक्षरे मोठ्याने वाचली, पुतण्याने ताडली. जुळली. फाइल निर्दोष.

दुसरा संशय पेनड्राइव्हवर. स्वस्त पेनड्राइव्ह दगा देतात. दुसऱ्या कंपनीचा घेतला, नव्याने भरला आणि मागच्या बाजूच्या खाचेत लावला. काम सहाव्या मिनिटाला थांबले. तोही सुटला.

तिसरा संशय बायोसच्या सेटिंगवर. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ दाबले की जे पान उघडते त्याला लोक बायोस म्हणतात. नव्या यंत्रांत त्याचे नाव यूईएफआय. तिथे रॅम जास्त वेगाने पळवण्याची सोय असते. ती चालू असेल तर आधी बंद करावी. आम्ही सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला आणल्या. तारीख-वेळ तपासली. फरक पडला नाही.

चौथा संशय रॅमवर, आणि मुलीच्या वहीतले आकडे याच दिशेला बोट दाखवत होते. रॅम ही संगणकाची कच्ची वही. पेनड्राइव्हवरच्या फायली दाबून बांधलेल्या असतात. त्या आधी रॅममध्ये सुटतात, मग पक्क्या वहीत, म्हणजे डिस्कवर, लिहिल्या जातात. आठ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७१ कोटी खण असतात आणि प्रत्येक खणात शून्य किंवा एक. त्यातले दोन-चार खण जरी फुटके निघाले, तरी तिथे ठेवलेला एक परत येताना शून्य होऊ शकतो. त्या खणात कधी चित्राचा तुकडा येईल, कधी महत्त्वाची आज्ञा. म्हणून काम कधी चौथ्या मिनिटाला अडते, कधी अकराव्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा अडले तर फाइलवर संशय घ्यावा. दर वेळी नव्या जागी अडले तर रॅमवर. हा काही शंभर टक्के नियम नव्हे, पण शोध कुठून सुरू करावा ते त्यावरून कळते.

रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो पेनड्राइव्हवरून थेट चालतो, त्याला कार्यप्रणाली लागत नाही. तो प्रत्येक खणात ठरलेले आकडे लिहितो, परत वाचतो आणि ताडतो. आम्ही एक पट्टी काढून ठेवली आणि दुसरी एकटीच तपासली. जवळजवळ तासभर लागला. चूक शून्य. मग ती काढून पहिली लावली. काही मिनिटांतच स्क्रीनवर लाल ओळी धडाधड उतरू लागल्या.

मी म्हणालो, "सापडली!" पुतण्या म्हणाला, "थांबा. कदाचित पट्टी चांगली असेल आणि खाच खराब असेल." त्याने पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसले. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत हे केलेले बरे. मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. तिथेही लाल ओळी. चांगली पट्टी पहिल्या खाचेत लावली, तर शून्य चूक. म्हणजे खाच चांगली, बोर्ड चांगला, जोडणी चांगली. एक पट्टी सदोष होती, एवढेच. पुतण्याने पहिल्या रात्री ती नीट बसवली होती, म्हणूनच तर संगणक सुरू झाला होता.

चांगल्या पट्टीवर, म्हणजे आठ जीबीवर, उबुंटू पुन्हा चढवायला घेतले. या प्रणालीला तेवढी रॅम आणि पंचवीस जीबी जागा पुरते. वीस-पंचवीस मिनिटांत काम पूर्ण झाले. मात्र यंत्र पुन्हा सुरू होताच पहिलेच पान समोर आले, ‘भाषा निवडा’. माझ्या पोटात गोळा आला. मुलगी म्हणाली, "काका, पेनड्राइव्ह काढलाच नाही!" तसेच होते. पेनड्राइव्ह आत राहिला की संगणक डिस्कऐवजी पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होतो. तो काढला आणि अभ्यासिकेचा संगणक आपल्या पायांवर उभा राहिला. इंटरनेटसाठी मोबाइल केबलने जोडून त्याचे नेट संगणकाला दिले.

सदोष पट्टी मेमटेस्टच्या फोटोसह आणि पावतीसह कुरिअरने पाठवली. दुकानदाराने थोडी कुरकुर केली, पण लाल ओळींचा फोटो पाहिल्यावर बदलून दिली. तेव्हा मंडळींनो, पावती जपून ठेवा. पाच रुपये वाचवण्यासाठी बिनपावतीचा माल घेऊ नका.

ज्यांना विंडोजच हवे आहे त्यांच्यासाठी

काही नोकऱ्यांत, काही अभ्यासक्रमांत विंडोज लागते, हे खरे. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नव्या यंत्रावर ते चढवण्यात अर्थ नाही. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची कडी लागते. ‘हा संगणक चालणार नाही’ असा संदेश आला म्हणून लगेच नवा बोर्ड घेऊ नका. नव्या प्रोसेसरांत ही कडी आतच असते, फक्त बायोसमध्ये बंद असू शकते. इंटेलमध्ये तिला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. ती चालू करून पाहा.

‘डिस्क सापडत नाही’ असे आले तर आधी डिस्क नीट खोचली आहे का ते बघा. मग इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या काही यंत्रांत व्हीएमडी नावाची सेटिंग असते, तिच्यामुळेही विंडोजला डिस्क दिसत नाही. नव्या, रिकाम्या यंत्रावर ती बंद करता येते, किंवा कंपनीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

डिस्क दिसते पण ‘एमबीआर पद्धतीची आहे, जीपीटी हवी’ असे आले, तर डिस्कची आखणी जुन्या पद्धतीची आहे असे समजावे. डिस्क कोरी असेल तर सगळे भाग पुसून नव्याने आखणी होऊ द्या. पण जुनी डिस्क लावली असेल तर सावधान! पुसले की त्यावरचे सगळे जाते. घरातील फोटो, जातीचा दाखला, जातपडताळणीची स्कॅन प्रत आधी दुसरीकडे काढून घ्या.

आणि मुळात स्क्रीनच काळी राहिली तर तीन गोष्टी बघा. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ टोकांची वेगळी वीजवायर लावली आहे का? रॅमच्या पट्ट्या ‘खट्’ होईपर्यंत बसल्या आहेत का? स्क्रीनची वायर योग्य ठिकाणी आहे का? वेगळे ग्राफिक कार्ड असेल तर वायर त्या कार्डाला लावायची. नवख्यांचे पुष्कळ बिघाड या तिघांतच निघतात. कोणतीही वायर किंवा पट्टी काढण्याआधी वीज बंद करून प्लग काढायचा, हे लहान मुलांनाही पाठ करून ठेवा.

दुरुस्तीची नोंद

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडी पुन्हा जमली. मुलांनी संगणकावर मराठी टाइप करून दाखवले. इन्स्क्रिप्ट कळफलकात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने असतात, त्यामुळे तो लवकर हाताखाली बसतो. एका बाईने आपल्या बचत गटाचे नाव स्वतः टाइप केले. तिला अकरा मिनिटे लागली, पण एक अक्षरही चुकले नाही.

मग मी उभा राहिलो. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते, पान फाडायचे नसते. खाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करायची असते, म्हणजे पुढे वही बघणाऱ्याला चूकही दिसते आणि ती कोणी, कधी सुधारली तेही दिसते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षालाच हे शिकवले होते. मी चारचौघांत म्हणालो, "परवा याच जागी मी या मुलाला बोललो. जोडणीत त्याची काहीही चूक नव्हती. पट्टी खराब आली होती, आणि ती मी विकत घेतली होती. चुकीची फाइल भरलेला पेनड्राइव्हही माझाच होता. त्याची मी सर्वांसमोर माफी मागतो." वहिनीने पदर डोळ्यांना लावला. पुतण्या म्हणाला, "काका, पुरे आता. चहा थंड होतोय."

आपल्या मुलांच्या हातात यंत्र पहिल्यांदाच येते, तेव्हा बिघाड झाला की संशय आधी मुलावर जातो. "तुला काय येतंय?" हे वाक्य आपल्या आईवडिलांनी बाहेर पुष्कळ ऐकले. तेच वाक्य आपणच आपल्या मुलांना ऐकवू लागलो, तर ते पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात धरतील का? यंत्राची पट्टी बारा दिवसांत बदलून मिळाली. पोराचे खचलेले मन कुठल्या वॉरंटीत बदलून मिळते?

आता अभ्यासिकेत संगणकाशेजारी सुतळीने एक वही बांधलेली आहे. काही अडले की आधी त्यात लिहायचे. तारीख, वेळ, आपण काय करत होतो, स्क्रीनवर नेमके काय आले, आणि मग एकच कोणती गोष्ट बदलून पाहिली. वहीचे पहिले पान त्या अकरावीतल्या मुलीच्या हातचे आहे. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ मुलींसाठी राखीव ठेवली आहे, आणि देखभालीची जबाबदारी पुतण्याकडे आहे. हिशेबात शिल्लक राहिलेले दोनशे ऐंशी रुपये बचत गटाच्या खात्यात जमा केले.

आपल्या वाडीत, चाळीत असा काही प्रयत्न चालू असेल तर जरूर कळवा. पुढील अंकी इन्स्क्रिप्टवर मराठी टंकलेखन घरच्या घरी कसे शिकावे, ते पाहू.